रस्तो नाय, वाट आसा

'ग्रॅव्हल बायकिंग' हा शब्द मला माझ्या भाच्याने शिकवला. तो फ्रान्समध्ये नोकरीला आहे आणि तिकडे गेल्यापासून त्याला सायकलचं वेड लागलंय. रस्त्याच्या सायकलसारखं वाकडं हॅन्डल, पण टायर जाड, म्हणजे खडी, मुरूम, माती सगळं चालतं. शनिवार-रविवार स्वारी गावोगाव भटकते आणि फोटो पाठवते. शेताच्या कडेने जाणारी पांढरट खडीची वाट, दोन्ही बाजूंना झाडं आणि मैलोगणती एकही मोटार नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने विचारलं, "मामा, डिसेंबरात येतोय. आपल्याकडे सिंधुदुर्गात असे ट्रॅफिक नसलेले रूट आहेत का?"

आहेत का म्हणजे काय! आपल्याकडे दुसरं होतं काय? त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं. शिवाय या विषयाला सध्या आमच्या गावात थोडं कोर्टकचेरीचं वळण लागलंय, तेही शेवटी येईलच.

आधी त्यांचं सांगतो. फ्रान्सच्या या वाटा कुणी सायकलवाल्यांसाठी आखलेल्या नव्हत्या. बहुतेक वाटा म्हणजे दुसऱ्याच कामासाठी झालेल्या आणि ते काम संपल्यावर उरलेल्या जागा. तूलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या कनाल द्यु मिदीचं घ्या. सुमारे २४० किलोमीटरचा हा कालवा १६६६ ते १६८१ या काळात खणला गेला. (इकडे मालवणच्या कुरटे बेटावर त्याच सुमाराला, १६६४ ते १६६७, सिंधुदुर्ग उभा राहत होता. मला अशा जोड्या लावायला आवडतं, चालवून घ्या.) कालव्यातल्या नावा ओढायला काठाने घोडे चालत, त्यांच्यासाठी काठाला वाट ठेवलेली होती. घोडे गेले, मालाच्या नावाही गेल्या, वाट राहिली. आज तिच्यावर सायकली आहेत. तीच गोष्ट रेल्वेची. मोटारी आल्यावर खेड्यापाड्यांतले छोटे फाटे तोट्यात गेले, बंद पडले, रूळ उचलले गेले. बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लुनी अशा एका बंद फाट्यावर १९९७ साली सुमारे ४४ किलोमीटरची वाट सायकलींना मोकळी केली. तिला ते 'हिरवी वाट' म्हणतात. नंतर अशा वाटा देशभर झाल्या.

पण भाच्याच्या फोटोंमध्ये मला सगळ्यात ओळखीची वाटली ती तिसऱ्याच जातीची. ब्रिटनी भागातली. दोन्ही बाजूंना मातीचे बांध, बांधांवर झाडी, आणि शतकानुशतकं माणसं-गुरं चालून मध्ये खोल गेलेली अरुंद वाट. तो फोटो बघून मी म्हटलं, अरे ही तर पाणंद! फक्त जांभ्याचा गडगा नाही एवढाच फरक.

आणि गंमत म्हणजे, त्या पाणंदी त्यांनीही भरपूर घालवल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने शेतजमिनींचं एकत्रीकरण केलं. ट्रॅक्टर फिरावेत म्हणून छोटे तुकडे जोडून मोठे केले, बांध सपाट केले आणि बांधांबरोबर वाटाही गेल्या. ज्या उरल्या त्यांतल्याही काही शेजारच्या शेतकऱ्याने नांगरून हळूच आपल्या शेतात घेतल्या. (माणूस सगळीकडे सारखाच.) तिथल्या कायद्याने गावाच्या साध्या ग्रामीण वाटा गावाच्या खाजगी मालमत्तेत मोडतात, त्यामुळे तीस वर्षं दुसऱ्याने वहिवाटल्या तर त्या जाऊ शकतात. हे ध्यानात आल्यावर १९८३ साली त्यांनी कायदा केला. प्रत्येक जिल्ह्याने चालायच्या वाटांची यादी करायची, आणि यादीतली वाट विकायची किंवा बंद करायची असेल तर आधी तिच्या बदली दुसरी वाट द्यायची. म्हणजे भाचा ज्या वाटेवर आज शीळ घालत सायकल मारतो ती आपोआप वाचलेली नाही. तिच्यासाठी कुणीतरी कुठेतरी कागद केलेला आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्याकडे येऊ.

दक्षिण कोकणात चाक तसं उशिराच आलं. जमीनच अशी की चाकाला फार वाव नाही. वर जांभ्याचा सडा, सड्यावरून घाटी उतरली की मळ्यातली भातशेती, मध्ये व्हाळ, व्हाळावर साकव, पुढे खाडी. दर दोन कोसांवर हे पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे माल जायचा माणसाच्या डोक्यावरून, बैलाच्या पाठीवरून आणि होडीतून. आमच्या जुन्या वाटा बघा, त्यांची रुंदी या तीन गोष्टींवर ठरलेली आहे. डोक्यावर भारा घेतलेली बाई आणि समोरून येणारा पाठीवर गोण घातलेला बैल एकमेकांना न घासता गेले पाहिजेत, एवढंच माप.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे या वाटांची दिशा. हे मला सायकल मारायला लागल्यावर कळलं, नकाशा बघून कधी कळलं नसतं. आज आपलं तोंड पूर्वेला आहे. कुडाळ, कणकवली, हायवे, रेल्वे. कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि ते तोंड पक्कंच फिरलं. पण जुन्या वाटा सगळ्या पश्चिमेला, बंदराकडे जातात. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. मुंबईची बोट तिथे लागायची. बोट धक्क्याला येत नसे, बाहेर उभी राहायची, पडावातून उतरून किनाऱ्याला यायचं आणि मग ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन चालत गाव गाठायचं. पावसाळ्यात बोट बंद. मग कोल्हापूरपर्यंत रेल्वे (ती तिथे १८९१ ला पोचली) आणि तिथून घाट उतरून खाली. बोटी १९८० च्या दशकाअखेर थांबल्या आणि या सगळ्या वाटांचं टोकच गेलं. म्हणून तुम्ही एखाद्या पाणंदीने दोन-अडीच किलोमीटर जाता आणि ती खाडीच्या काठाला, चिखलात, चार जांभ्याच्या पायऱ्यांपाशी संपते. पुढे काहीच नाही. परक्या माणसाला वाटतं, ही वाट कुठेच जात नाही. अहो, ती मुंबईला जायची!

वेंगुर्ल्याची गोष्ट तर याहून मोठी. डचांनी सतराव्या शतकात तिथे वखार घातली, तिचे अवशेष आजही बघायला मिळतात. १८१२ साली वेंगुर्ला इंग्रजांकडे आलं. वेंगुर्ला बंदर आणि घाटावरचं बेळगाव यांच्यामध्ये रामघाटाची वाट होती. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे. वरून गूळ, मिरची, कडधान्य खाली यायचं. मीठ शिरोड्याच्या मिठागरांतलं. (हीच ती मिठागरं जिथे मे १९३० मध्ये सत्याग्रह झाला. तेव्हा वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. असो, विषयांतर.) बेळगावच्या लष्करी छावणीला लागणारा मालसुद्धा वेंगुर्ल्याला उतरायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीच्या घाटातून, म्हणजे आजच्या आंबोली घाटातून, चांगला गाडीरस्ता झाला आणि रामघाट मागे पडला. आंबोली हे ठिकाणच मुळी या रस्त्यावरचा मुक्काम म्हणून वाढलं.

आता या रस्त्याला भरभराट येणार असं कुणालाही वाटलं असतं. पण १८८८ च्या सुमाराला गोव्यात मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे झाली, वरच्या सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली आणि घाटावरचा माल मुरगावला वळला. वेंगुर्ल्याचा व्यापार बसला. एवढा घाम गाळून केलेला रस्ता, आणि त्याच्यावरच्या बैलगाड्या एका पिढीच्या आत ओसरायला लागल्या.

म्हणजे बघा, फ्रान्समध्ये मोटारींनी रेल्वे रिकामी केली, इथे रेल्वेने गाड्यांचा रस्ता रिकामा केला आणि मग मोटारींनी बोटींच्या वाटा रिकाम्या केल्या. 'ट्रॅफिक-फ्री' हा शब्द मोठा फसवा आहे. या वाटा पहिल्यापासून सुन्या नव्हत्या, कोकणातल्या तर मुळीच नव्हत्या. त्या आपापल्या काळातले हायवे होते.

यातले काही तुकडे मी सायकलने करतो. सायकल ग्रॅव्हल वगैरे काही नाही, साधी जाड टायरची आहे, गिअर सात, त्यातले चालणारे पाच. माझा आवडता पट्टा काळसे-धामापूरकडचा. मालवणहून डांबरी रस्ता कुंभारमाठ, चौके करत धामापूरला येतो आणि नेरूरपारच्या पुलावरून कर्ली ओलांडून कुडाळला जातो. तो सोडायचा आणि आत शिरायचं. सुरुवातीला वाडीतली पाणंद. दोन्हीकडे छातीएवढे गडगे, त्यावर शेवाळ आणि नेचे, वर आंब्या-फणसाची सावली इतकी दाट की एप्रिलमध्येही आत थंड. जमीन लाल, दबलेली, मध्ये मध्ये जांभ्याचे दगड वर आलेले. सायकलवरून उतरावं लागतं ते घाटीला. घाटी म्हणजे जांभ्यातच खोदलेल्या किंवा रचलेल्या पायऱ्या. सायकल खांद्यावर घ्यायची, वीस-पंचवीस पायऱ्या चढायच्या, आणि एकदम सडा. सावली संपली, भिंती संपल्या, चारी बाजूंना आभाळ. काळपट कातळ, त्याच्या खळग्यांत खडे साचलेले, आणि त्यावरून गेलेली फिकट तांबूस रेघ म्हणजे वाट. ही रेघ माती साचून झालेली नाही. पायांनी कातळाची काळी पुटी झिजून आतला लाल जांभा उघडा पडलाय.

(जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकॅननने १८०७ मध्ये केरळात अंगाडिपुरमला ठेवलं, लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून. खाणीतून ओला असताना कापायचा, वारा लागला की कठीण होतो. आमच्याकडे हे सांगायला बुकॅनन लागत नाही, कुठलाही चिरेवाला सांगेल.)

सड्यावरून चालणारी माणसं किती जुनी, याचा अंदाज हवा असेल तर मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर जा. कातळात खोदलेल्या आकृत्या आहेत, स्थानिक लोक त्या जागेला बाहुल्यांचं टेंब म्हणतात. कोकणातल्या अशा कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यात सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे. ज्यांनी ती खोदली ती माणसं काही तिथे हवेतून उतरली नसणार. तिथवर कुठलीतरी वाट होतीच.

पलीकडे उतरलं की धामापूरचं तळं. १५३० मध्ये विजयनगरच्या नागेश देसाई नावाच्या मांडलिकाने बांधलं असं सांगतात, २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यापर्यंत पायऱ्या. तिथे बसून शिदोरी खायची.

याच पट्ट्यात एकदा एका फाट्यावर अडलो होतो. एक आजी काट्याकुट्यांची मोळी घेऊन येत होत्या. विचारलं, "आजये, ह्यो रस्तो खंय जाता?"

त्या थांबल्या, मला आणि सायकलला खालपासून वरपर्यंत बघितलं. "रस्तो? रस्तो थंय वर आसा. हय रस्तो नाय, वाट आसा."

मग पुढे निघता निघता वळून म्हणाल्या, "जा, जा. पण बेडां परत घाल हां. गुरां शिरतत."

मालवणी माणसाच्या डोक्यात हा फरक पक्का आहे. रस्ता सरकारचा. तो वरून येतो, त्याला बजेट असतं, उद्घाटन असतं, दुसऱ्या पावसात खड्डे असतात. वाट चालणाऱ्यांची. आणि बेडं म्हणजे वाटेवरचा करार. दोन खांबांना भोकं पाडून त्यात आडवे बांबू सरकवलेले. माणसाने दोन बांबू बाजूला करायचे, आत जायचं, परत सरकवायचे. ज्याच्या आवाठातून वाट जाते तो अडवत नाही, आणि जो जातो तो बेडं उघडं टाकत नाही. कुठे लिहिलेलं नाही.

लिहिलेलं नाही म्हणताना एक आठवलं. वाट न अडवण्याचं आमच्याकडचं सगळ्यात जुनं कलम म्हणजे देवचार. गावाचा राखणदार, रात्री काठी घेऊन, घोंगडी पांघरून गावाच्या शिवेवरून फेरी मारतो. त्याच्या फेरीच्या वाटेवर घर बांधू नये, कुंपण घालू नये, घातलंत तर घरात चैन पडत नाही, असं म्हातारी माणसं सांगायची. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण या देवचाराने किती मीटर सार्वजनिक रस्ता मोकळा ठेवला याचा कुणी हिशोब केला तर बांधकाम खात्याला लाज वाटेल.

रात्री वाटेने जाणारे दुसरे म्हणजे दशावतारी. आता कंपन्यांचे टेम्पो आहेत. पण पूर्वी जत्रांच्या हंगामात एका गावचा खेळ पहाटे संपला की पेटारे डोक्यावर घेऊन मंडळी चालत पुढच्या गावी, आणि रात्री पुन्हा उभी. राजे, राक्षस, शंकासूर, सगळे पाणंदीतून एका रांगेत. माझ्या आजोबांनी हे लहानपणी पाहिलं होतं. ते म्हणायचे, मुखवटे पेटाऱ्यात असले तरी सकाळी त्यांच्या तोंडाला रंग तसाच असायचा, आणि व्हाळावर पाणी भरायला आलेल्या बायका आधी दचकायच्या, मग हसायच्या.

खाडीचा तुकडा करायचा असेल तर उत्तरेला सर्जेकोटकडे जायचं. समोर तळाशील. समुद्र आणि खाडी यांच्या मधली वाळूची अरुंद पट्टी. पुलावरून गेलं तर मोठा वळसा, होडीतून गेलं तर काही मिनिटं. सायकल होडीत आडवी घालायची. होडीवाला म्हणणारच, "सायकलीचे पैशे येगळे!" पलीकडे उतरल्यावर माडांतून जाणारी वाट तोंडवळीमार्गे आचऱ्याकडे जाते. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या आसपास, रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना निघाली. तेव्हापासून एकेक खाडी पुलाखाली जाते आहे. सगळ्या खाड्यांवर पूल झाले की तर ही गोष्ट संपेल. पैलतीराला हाक मारून होडी बोलवायची, हे मुलांना समजावून सांगावं लागेल.

आणि आचऱ्याला पोचलात तर गावपळणीबद्दल जरूर विचारा. साधारण चार वर्षांनी, रामेश्वराचा कौल झाला की, अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री घरं सोडून, गुराढोरांसकट शिवेबाहेर राहायला जातं. चिंदर, वायंगणीलाही ही रीत आहे. कारणं अनेक सांगतात. मला त्यातलं एवढंच भावतं की त्या निमित्ताने गावाला आपली शीव पायाने माहीत राहते. नेमकी कुठे संपते आपली हद्द, कुठल्या वाटेने बाहेर पडायचं, हे दर चार वर्षांनी लहान पोराला सुद्धा कळतं.

इतकं सगळं गोड गोड लिहिल्यावर दुसरी बाजू लिहायला हवी, नाहीतर तो शहरी माणसाचा खोटा उमाळा होईल. वाटेचे हाल ज्यांनी काढले त्यांना विचारा. अडलेल्या बाईला डोलीत घालून चार माणसं रात्री घाटी उतरायची, पावसात, कंदिलाच्या उजेडात. सगळ्याच पोचायच्या असं नाही. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत वाडीवाडीपर्यंत डांबर गेलं. दाराशी रिक्षा आली, पोरीबाळी स्कूटीवरून कॉलेजला जायला लागल्या. त्याला नाक मुरडणाऱ्याला मी घरात घेणार नाही.

पण त्याच वेळी वाटेवरचं चालणं थांबलं. बाजाराला रस्त्याने, देवळात रस्त्याने, शेजारच्या वाडीत सुद्धा गाडीने. आणि इथे एक कायद्याची मेख आहे. वहिवाटीच्या हक्कांचा कायदा १८८२ चा. दुसऱ्याच्या जमिनीतून तुम्ही वीस वर्षं उघडपणे, बिनहरकत, हक्काने गेलात तर जाण्याचा हक्क मिळतो. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच कायद्यात पुढे असंही आहे की मिळालेला हक्क सलग वीस वर्षं वापरलाच नाही तर तो संपतो. आता २००० मध्ये वीस मिळवा.

गावनकाशावर असलेल्या वाटांचं तसं नाही. जुन्या मोजणीच्या नकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेघांनी आणि पायमार्ग एका तुटक रेघेने दाखवतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. तो सरकारी कागद आहे, त्याचा आधार मोठा. पण कोकणातल्या किती वाटा नकाशावर आल्या? सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली तीस मुंबईत, आणि जमीन गुंठ्यांत. घरच्याच माणसांनी घरच्याच जमिनीतून जायच्या वाटेची नोंद कोण कशाला करेल? बेडं परत घातलं की झालं.

मग जमीन विकली जाते. विकत घेणाऱ्याला बेडं म्हणजे काय ते माहीत नसतं. त्याला चिऱ्याची कंपाउंड वॉल माहीत असते.

आमच्या गावात (नाव मुद्दाम देत नाही) मे २०२३ मध्ये हेच झालं. खाडीकडे उतरणाऱ्या पाणंदीवर सात फुटी चिऱ्याची भिंत आली. गावात त्या दिवसांत बोलणारं कुणी नव्हतं. जी म्हातारी माणसं होती त्यांनी बघितलं आणि गप्प राहिली. सप्टेंबरात गणपतीला चाकरमानी आले, विसर्जनाला त्याच वाटेने खाडीवर जायची रीत, आणि गणपती डोक्यावर घेऊन माणसं भिंतीसमोर उभी. तो अर्धा तास मी विसरणार नाही. कुणी ओरडलं नाही. कुणीतरी आरती पुन्हा सुरू केली, ती संपली, आणि मिरवणूक उलटी फिरून डांबरी रस्त्याने वळसा घालून गेली.

मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे. वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जाता येतं. मेमधली भिंत आणि सप्टेंबरातला गणपती, म्हणजे वेळ होता. अर्ज झाला. नकाशा काढला, तर पायमार्गाची तुटक रेघ सड्यावरून येते आणि आमच्या वाडीपाशी संपते. खालचा खाडीपर्यंतचा तुकडा नकाशात नाहीच. तेव्हा मुद्दा वहिवाटीवर आला. वाट होती का, आणि मुख्य म्हणजे कोण जात होतं, शेवटचं कधी?

पंचनाम्याला मी हजर होतो. समोरच्या बाजूचे वकील सभ्य होते, त्यांनी एकेकाला तेवढंच विचारलं. पन्नाशीचे, साठीचे पुरुष सांगायला लागले की आम्ही लहानपणी याच वाटेने बोटीला जायचो, कालवं काढायला जायचो. बोट बंद होऊन किती वर्षं झाली? पस्तीस. कालवं शेवटची कधी काढलीत? आठवत नाही. गणपती दर वर्षी, पण वर्षातून एकदा. सगळे खरंच बोलत होते आणि प्रत्येक खऱ्या उत्तराने वाट थोडी थोडी बुजत होती.

मग ऐंशीच्या पुढच्या एक काकी पुढे आल्या. त्यांना विचारलं, तुम्ही शेवटच्या कधी गेलात? त्या म्हणाल्या, "आयतवारी."

"म्हणजे भिंत घातल्यावर?"

"होय तर. भितीच्या कडेन व्हाळात उतारतंय आनि पलीकडसून चडतंय. शेणी थापूक माजी जागा थंय आसा. मी खंय थापू?"

तलाठ्याने लिहून घेतलं. सगळे तिथवर चालत गेलो. काकींनी व्हाळात उतरायची जागा दाखवली, पायांनी पडलेल्या ताज्या खाचा होत्या, आणि पलीकडे गडग्याला लावून शेण्यांची उतरंड. माझाही जबाब झाला. दर आठवड्याला सायकल घेऊन मी तिथवर येतो, भिंत होण्याआधी खाडीपर्यंत जायचो, तारखा फोनमधल्या नकाशावर नोंदलेल्या आहेत. त्या छापून दिल्या.

निकाल अर्जदारांच्या बाजूने लागला. समोरच्यांनी वर दाद मागितली आहे, ते चालू राहील. दरम्यान भिंतीला एक फट पाडून दिलेली आहे. सव्वाआठ फूट नाही, तीनेक फूट असेल. काकी डोक्यावर पाटी घेऊन तिच्यातून सरळ जातात. मला हॅन्डल वळवून, आधी पुढचं चाक, मग तिरका होऊन पेडल, असं करावं लागतं. दर रविवारी जातो. चार जणांना सांगितलंय, तेही येतात. डिसेंबरात भाच्यालाही घेऊन जाणार आहे, त्याची सायकल रुंद आहे म्हणतात, बघू.